वजनाचा आलेख करवतीसारखा का दिसतो?

प्रश्न : दोन महिने रोज सकाळी वजन स्प्रेडशीटमध्ये नोंदवते आहे. रेघांचा आलेख काढला तर नुसते करवतीचे दात दिसतात. वजन उतरतंय की नाही, तेच कळत नाही. मध्येच एकदोनदा रेघ थेट तळाला जाते.

उत्तर : तळाला जाणारी रेघ म्हणजे वजन न केलेला दिवस. तिथे तुम्ही ० भरला असणार. शून्य काढून रकाना रिकामा ठेवा, पण त्या तारखेची ओळ पुसू नका.

दातांचं कारण बहुतेक पाणी. एक लिटर पाणी प्यायलं की काटा एक किलोने वर जातो, आणि मिठाचं खाणं झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. चरबी एका रात्रीत इतकी घटत-वाढत नाही. म्हणून तिसऱ्या स्तंभात सात दिवसांची सरासरी काढा. पहिली ओळ मथळ्याची असेल तर आठव्या ओळीत ॲव्हरेजचं सूत्र लिहून दुसरी ते आठवी ओळ निवडा आणि सूत्र खाली ओढत न्या. ॲव्हरेज रिकामा रकाना सोडून देतं, शून्य मात्र मोजतं : सहा दिवस ७० किलो आणि एक शून्य, की सरासरी ६०!

रोजचं वजन फिकट ठिपक्यांनी आणि सरासरी जाड रेघेने दाखवा. पाहायची ती जाड रेघ. ती साधारण तीन दिवस मागे चालते, त्यामुळे कालच्या उपासाचा परिणाम तिच्यात आज शोधू नका.

उभा अक्षही स्वतः ठरवा. प्रोग्रामवर सोडलं तर तो ६९.५ ते ७०.५ एवढाच पट्टा घेतो आणि अर्ध्या किलोचा डोंगर होतो. पाच-सहा किलोंचा पट्टा घ्या आणि दर महिन्याला तोच ठेवा. तारखाही तपासा. रकान्यात डावीकडे चिकटलेली तारीख बहुधा मजकूर म्हणून साठलेली असते. मग वगळलेले दिवस आलेखात गायब होतात आणि उतार खोटा दिसतो.

प्रश्न : महिन्याच्या खर्चाचा पाय चार्ट केला. चौदा तुकडे झाले, कुठला मोठा तेच समजेना.

उत्तर : समजणार नाहीच. कोनापेक्षा लांबीचा अंदाज डोळ्याला अचूक येतो, हे क्लीव्हलँड आणि मॅगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. आडवे बार काढा, मोठ्याकडून छोट्याकडे लावा. इथे मात्र अक्ष शून्यापासूनच हवा, कारण बारची लांबी हेच माप. किरकोळ सहा-सात बाबी ‘इतर’मध्ये घाला, पण ‘इतर’ पहिल्या तिनांत आलं तर ते परत फोडा. विम्याचा वार्षिक हप्ता बारा महिन्यांत विभागून मांडा, नाहीतर तो भरलेला महिना उगाच उधळा दिसतो.