स्पेनच्या ग्रामीण भागातला मुक्काम: आधी घर ठरवावे, मग प्रदेश

ऑक्टोबरमध्ये दहा दिवस, माणसे सहा, त्यांत सत्तरीचे आईवडील आणि दोन मुले, सगळे शाकाहारी. माद्रिद-बार्सिलोनाच्या हॉटेलांऐवजी एखाद्या खेड्यातल्या जुन्या घरात राहायचे आहे, तर उत्तरेकडचे गॅलिसिया व अस्तुरियास आणि दक्षिणेकडचे आंदालुसिया या प्रदेशांपैकी काय निवडावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते प्रदेशापासून सुरुवात करण्याऐवजी घराच्या प्रकारापासून करावी. आपल्या बाबतीत प्रदेश त्यातून आणि ऋतूवरून आपोआपच ठरतो.

ज्याला तिकडे 'कासा रुराल' म्हणतात ते दोन तऱ्हांनी मिळते. एकात मालक त्याच घरात किंवा शेजारी राहतो, खोल्या वेगवेगळ्या पाहुण्यांना देतो आणि सकाळची न्याहारी करून घालतो. स्वयंपाकघर मात्र बहुधा त्याचेच असते. दुसऱ्यात संपूर्ण घर आपल्या ताब्यात येते. दोघांच्या जोडप्याला मी पहिली तऱ्हा सुचवली असती, कारण मालकाशी होणाऱ्या गप्पांतून गाव कळते. परंतु शाकाहारी वडीलधारी मंडळी बरोबर असताना संपूर्ण घरच घ्यावे. खेड्यातल्या खानावळीत मसुरीच्या आमटीतही चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, घातलेला असतो, आणि रात्रीचे जेवण नऊच्या आधी क्वचितच मिळते. मुलांना आणि आईवडिलांना ते रोज झेपणार नाही.

संकेतस्थळांवरचे तारे पाहून दोन प्रदेशांतील घरांची तुलना करू नये. स्पेनमध्ये पर्यटन हा सतरा स्वायत्त प्रदेशांचा विषय असल्यामुळे प्रत्येकाचे नियम आणि प्रतवारीच्या खुणा निराळ्या आहेत: कास्तिया इ लेओनमध्ये तारे, तर कातालुन्यात धान्याच्या लोंब्या. त्यापेक्षा जाहिरातीत घराचा सरकारी नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. तो नसेल तर घर कितीही देखणे असले तरी पुढे जावे. पोहोचल्यावर मालक सर्वांच्या पासपोर्टचा तपशील मागेल, तेव्हा शंका घेऊ नये; ती माहिती गृहखात्याला कळवणे त्याला कायद्याने बंधनकारक आहे.

आता प्रदेश. गॅलिसियातले 'पासो', म्हणजे जुन्या जमीनदारांचे ग्रॅनाइटचे वाडे, आणि अस्तुरियासमधील डोंगरगावांतली घरे मला स्वतःला सर्वांत प्रिय आहेत. पण तो अटलांटिकच्या बाजूचा ओला प्रदेश आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस गाठण्याची शक्यता बरीच, जाड दगडी भिंतींत ओल धरते, आणि अरुंद वळणांच्या ओल्या रस्त्यांवर उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा सराव नसताना जाणे शहाणपणाचे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये, आंदालुसियाचा अंतर्भाग भाजून निघत असताना, मी उलट सल्ला दिला असता.

म्हणून आपण आंदालुसियातला ग्रानादा प्रांत घ्यावा आणि मुक्काम दोनच ठिकाणी ठेवावा.

पहिला ग्वादिस येथे, गुहाघरात. मऊ मातीच्या टेकड्या आत कोरून केलेली ही घरे आजही नांदती आहेत. बाहेरून पांढरा दर्शनी भाग आणि टेकडीच्या माथ्यावर उगवल्यासारखी धुराडी तेवढी दिसतात. आतले तापमान वर्षभर साधारण १८ ते २० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे रात्रीच्या गारठ्याची काळजी नसते. मात्र आतल्या खोल्यांना खिडकी नसते. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा अंधार होतो, आणि मोबाइलला रेंजही मिळेनाशी होते. रात्री उठावे लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी दाराजवळची, खिडकी असलेली खोली ठेवावी. कोणाला बंद जागेची भीती असेल तर हा मुक्काम सरळ गाळावा.

दुसरा आल्पुहारात, सिएरा नेवादा पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावर. पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही एकावर एक चढत गेलेली तीन गावे. तिथल्या सपाट छपरांवर 'लाउना' नावाची करडी, पाणी न झिरपू देणारी माती पसरतात. मराठवाड्यातली धाब्याची घरे पाहिलेल्याला ती लगेच ओळखीची वाटतात. अडचण एकच, पण मोठी: गल्ल्या तीव्र चढाच्या आहेत आणि गाडी बहुधा गावाच्या कडेलाच ठेवावी लागते. म्हणून मालकाला 'वाहनतळापासून दारापर्यंत किती पायऱ्या' असे थेट विचारावे. 'जवळच आहे' या उत्तरावर समाधान मानू नये, कारण ते उत्तर देणारा माणूस जन्मभर तोच चढ चढत आलेला असतो. कापिलेइरा १४०० मीटरच्या वर आहे, तेव्हा घर तापवण्याचा खर्च भाड्यात धरला आहे की शेकोटीच्या लाकडांचे पैसे वेगळे, हेही विचारून घ्यावे.

चुलीचा फोटो अवश्य मागवावा. शेगडी इंडक्शनची असेल तर घरून नेलेला अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. काचेच्या पृष्ठभागाची साधी विजेची शेगडी किंवा गॅस असेल तर प्रश्न नाही. डाळींची बाजू भक्कम आहे: मसूर, छोले आणि पांढरा घेवडा लहान दुकानांतही मिळतो. पण ही दुकाने दुपारी दोन ते पाचच्या सुमारास बंद असतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत, म्हणून शनिवारी सकाळीच सामान भरावे. तूरडाळ आणि गोडा मसाला घरून न्यावा.

'पारादोर' या सरकारी हॉटेलांविषयीही आपण विचारले आहे. १९२८ साली ग्रेदोस पर्वतात पहिले सुरू झाले, आज ती शंभराच्या जवळपास आहेत. सगळीच किल्ल्यांत किंवा मठांत नाहीत, काही अगदी साध्या आधुनिक इमारती आहेत, तेव्हा नावावर न जाता वास्तू पाहून ठरवावे. ग्रानादा शहरातल्या अल्हाम्ब्रा या मूरकालीन राजवाड्याच्या आवारातल्या जुन्या मठातले पारादोर अप्रतिम आहे, पण महाग. सहा जणांनी तिथे राहण्यापेक्षा एका संध्याकाळी कॉफी घ्यावी.

१२ ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय दिन. तो शनिवार-रविवारला जोडून आला की ग्रानादाकरच गावांतली घरे अडवतात आणि मालक दोन-तीन रात्रींखाली देत नाहीत, म्हणून ते दिवस टाळावेत किंवा आताच पक्के करावेत. शेंगेन व्हिसासाठी सहाही जणांची नावे असलेले आरक्षणपत्र मालकाकडून घ्यावे आणि व्हिसा हाती येईपर्यंत विनामूल्य रद्द करता येईल असेच घर निवडावे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्यावा, आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास ती घराबरोबरच आरक्षित करावी.