रोखपालाचा जामीनदार होण्याआधी

चुलतभाऊ सरकारी रोखपाल झाला, फार बरं वाटलं. पण त्याच्या जामीनपत्रावर, म्हणजे त्याच्याकडून पैशांची तूट आली तर भरून देण्याच्या हमीवर, सही करण्याआधी माझं ऐक. 'नुसती सही तर करायचीय' असं घरचे म्हणतील. तसं नसतं रे. भारतीय करार कायदा, 1872, कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते. कमी हवी तर कागदावर तसं लिहावं लागतं. तूट निघाली तर आधी त्याच्याकडूनच वसुली व्हावी, असा हट्ट तुला धरता येत नाही. म्हणून कमाल रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिलेली बघ. जागा कोरी असेल तर पेन खाली ठेव.

कलम 133 मधलं एक उदाहरण तर थेट आपल्याच कामाचं आहे. पदाची कर्तव्यं कायद्याने ठरलेली असली आणि नंतरच्या कायद्याने पदाचं स्वरूपच बदललं, तर पुढच्या गैरवर्तनाच्या जबाबदारीतून जामीनदार सुटतो. पण 'कामात कोणताही बदल झाला तरी' अशी ओळ जामीनपत्रात असली, तर ती त्या बदलाला तुझी आगाऊ संमती ठरू शकते, मग ही सुटका मिळेलच असं नाही. तीच ओळ शोध.

सोलापुरात नात्यातल्याला नाही म्हणणं जड जातं, कळतं मला. मग दुसरा जामीनदार माग. वेगळं ठरलं नसेल तर कलम 146 प्रमाणे बोजा समान वाटला जातो. सहीनंतर झेरॉक्स स्वतःकडे ठेव.