बार्देनासला निघालास? आधी आभाळ बघ

स्पेनच्या नवारा प्रांतातल्या बार्देनास रेआलेस या निमवाळवंटी भागात पहिलीच ग्रॅव्हल राइड, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटेवरची सायकलस्वारी, करतोयस ना, मग उन्हाआधी पावसाची चौकशी कर. तिथली माती चिकण आणि जिप्समची. भिजली की आपल्या काळ्या रानासारखी चाकाला धरते, फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दांड्यांत) गच्च बसते, आणि मग सायकल तुला नाही, तू सायकलला नेतोस. मी तशी चार किलोमीटर वाहिलीय. पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबच.

तिथे मधोमध लष्करी हद्द आहे, तिच्याभोवतीचा फेरा ३० किलोमीटरहून थोडा जास्त, तसा सपाटच. पण वायव्येचा सिएर्सो वारा तोंडावर आला की घाट परवडला. वाटेत पाणी नाही, तीन लिटर जवळच्या आर्गेदास गावातूनच भरून घे. टायर ४० मिलिमीटरचे, हवा जरा कमी. कास्तिलदेतिएराचा सुळका खालूनच बघ, फार ठिसूळ आहे.