फसवणूक झाली, म्हणजे लग्न अवैध?

प्रश्न : बहिणीचं लग्न चार वर्षांपूर्वी वसईत चर्चमध्ये झालं. आपल्याला मूल होऊ शकत नाही हे नवऱ्याला तपासणीतून आधीच कळलं होतं, पण त्याने लपवलं. पगारही फुगवून सांगितला. फसवणुकीने केलेलं काहीही कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, आपोआप रद्द होतं म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही, मूळ नियम उलटाच आहे. कॅनन (म्हणजे या कायद्याचं कलम) १२५ (२) म्हणतो की फसवणुकीतून केलेली कृती वैध असते. फसलेल्या व्यक्तीने मागणी केली तर चर्चचा न्यायाधीश ती मोडू शकतो. मात्र कायद्याने एखाद्या बाबतीत वेगळं सांगितलं असेल, तर ते लागू. लग्न असंच वेगळं काढलं आहे. मोडता येण्याजोगं लग्न ही कल्पनाच कॅथलिक कायद्यात बसत नाही; ते पहिल्या दिवसापासून होतं किंवा नव्हतंच.

त्यासाठी कॅनन १०९८ आहे. २७ नोव्हेंबर १९८३ला चर्चच्या कायद्याची नवी संहिता लागू झाली तेव्हा तो आला. १९१७च्या संहितेत असं कलम नव्हतं. त्यात पाहायचं ते असं : फसवणूक जाणूनबुजून झाली का, ती होकार मिळवण्यासाठीच होती का, लपवलेली बाब जोडीदाराच्या स्वतःच्या गुणाची होती का, आणि तिच्या स्वरूपामुळेच सहजीवन गंभीरपणे बिघडू शकतं का. फसवणारा नवराच असायला हवा असं नाही. सासू किंवा मध्यस्थानेही ती केलेली असू शकते.

वंध्यत्वाने लग्न अवैध ठरत नाही, पण कॅनन १०८४ (३) तिथेच १०९८ची आठवण करून देतो. म्हणजे प्रश्न वंध्यत्वाचा नाही, ते लपवण्याचा आहे. पगाराच्या मुद्द्यावर सहसा काही होत नाही. तो अर्जात मध्यवर्ती करू नका.

प्रकरणं अडतात ती हेतूवर. ‘लाज वाटली म्हणून बोललो नाही’ आणि ‘सांगितलं तर ती नाही म्हणेल म्हणून बोललो नाही’ यांत न्यायाधीश फरक करतात. म्हणून लग्नाआधीची तारीख असलेला मूळ वैद्यकीय अहवाल, त्या काळातले मेसेज आणि त्याला हे आधीच माहीत होतं हे सांगणारे साक्षीदार गोळा करा. उघड झाल्यावर बहिणीने काय केलं, हेही विचारलं जाईल. लगेच घर सोडलं असेल तर पुरावा बळकट होतो. कळूनही दोन वर्षं नांदली असेल तर ‘हे तिला एवढं महत्त्वाचं नव्हतंच’ असा अर्थ निघू शकतो.

अर्ज लग्न झालं तिथल्या, दोघांपैकी कोणाच्याही निवासाच्या किंवा बहुतेक पुरावे मिळतील त्या ठिकाणच्या धर्मप्रांतीय न्यायालयात (बिशपच्या अधिकारातल्या चर्चच्या न्यायालयात) करता येतो. दुसऱ्या पक्षाला म्हणणं मांडायला १५ दिवस मिळतात. ८ डिसेंबर २०१५पासून दोन न्यायालयांच्या एकमताच्या निकालांची गरज उरलेली नाही; १५ दिवसांत अपील न झालं तर पहिलाच निकाल पुरेसा. पण चर्चच्या निकालाने सरकारदरबारी लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्येही स्पष्ट केलं. दिवाणी निकालाशिवाय दुसरं लग्न म्हणजे द्विभार्या-द्विपतित्वाचा गुन्हा.

प्रश्न : एका धर्मगुरूंकडून खोटं सांगून राजीनामा लिहून घेतला. तोही न्यायाधीशाने मोडेपर्यंत वैधच का?

उत्तर : नाही. कॅनन १८८प्रमाणे फसवून घेतलेला राजीनामा कायद्यानेच शून्य असतो. फसवून घेतलेलं मत (१७२), व्रत (११९१) आणि शपथ (१२००) यांचंही तसंच.