ग्राफीन सेन्सर: आधी बेसलाइन सांभाळ

संवेदनशीलतेमागे लगेच धावू नकोस. ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर, वायूचा एकेक रेणू टिपू शकतं, हे 2007 मध्येच दाखवून झालंय. खरा त्रास वायू ओळखण्यात आणि सेन्सर पूर्ववत होण्यात आहे. हवेतलं ग्राफीन बहुधा पी-टाइप, म्हणजे त्यात वीज वाहतात ते धन 'होल'; म्हणून इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडने रोध घटतो, इलेक्ट्रॉन देणाऱ्या अमोनियाने वाढतो. पण नुसत्या दमटपणानेही बेसलाइन, म्हणजे वायू नसतानाची रोधाची रेघ, सरकते! म्हणून कोरड्या आणि दमट, दोन्ही हवेत मोज. वायू बंद केल्यावर रेघ मूळ जागी येईना, तर चिप 100-150 अंश सेल्सिअसला तापव किंवा अतिनील प्रकाश दे. चिकटलेले रेणू सुटतात. आणि ग्राफीन चिपवर ट्रान्सफर करताना आधाराला लावलेल्या पीएमएमए या प्लास्टिकचा उरलेला थर नीट काढच. मी कित्येक महिने त्या थराचा प्रतिसाद ग्राफीनचा समजून मोजत होतो. संवेदनशीलता वाढवायला धातूचे नॅनोकण वगैरे त्यानंतर.