एचआरला फक्त फिट की अनफिट

कामगारांनी भरलेल्या आरोग्याच्या फॉर्मची एक्सेल एचआरला पाठवू की नको, हे तू कारखान्याची डॉक्टर असून विचारतेयस याचंच आधी वाईट वाटलं गं. मग म्हटलं, पहिलीच नोकरी, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘को-ऑपरेट करा’ म्हणून सुनावलंय, गोंधळणारच. तरी ऐक. एचआरला फक्त फिट, अनफिट, किंवा फिट पण अमुक काम नको. बाकी फॉर्म ओएचसीबाहेर, म्हणजे कारखान्यातल्या आपल्या दवाखान्याबाहेर, जात नाही.

तुझा तो क्रेनवाला, ज्याने फिट्स (आकडी) येतात असं खरं लिहून दिलं, त्याच्यासाठी शेरा एवढाच की उंचीवर, क्रेनवर, चालत्या मशीनजवळ काम नको. काम बदलून द्यायला आजाराचं नाव कशाला लागतं?

मी एका कारखान्यात होते तिथे एका कंत्राटी ब्लास्टिंगवाल्याचा (वाळूच्या माऱ्याने लोखंड साफ करणाऱ्याचा) फॉर्म सुपरवायझरच्या हाती लागला, धाप लागते असं लिहिलेलं, आठवड्यात त्याचा गेटपास बंद. पुढच्या वर्षी त्या अख्ख्या खात्याने सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिलं, समोर बसून खोकत होते आणि ‘नाही’ लिहीत होते. छातीचे एक्स-रे बोलायला लागले तोवर फार उशीर झाला होता, ती खंत अजून जात नाही. तेव्हापासून कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये. अडेलतट्टू बाई म्हणाले, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही. नसेल केलं. मी बरोबर होते आणि आजही तेच करीन.

आणि फॉर्म भरून घेतेस कुठे गं? कँटीनमध्ये लाईन लावून? ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कॉन्ट्रॅक्टरचा माणूस भरतो? मग कुलूप कशाला लावायचं! दार बंद करून एकेकाला बसव, तू नाहीतर सिस्टर विचारा. कॅम्पवाली लॅब सगळ्यांचे रिपोर्ट एका झिपमध्ये थेट एचआरला मेल करते, ते आधी थांबव.

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये ४१-सी कलम घातलं, त्यात रेकॉर्ड कामगाराला बघता आलं पाहिजे असं होतं (२०२५ मध्ये त्या ॲक्टच्या जागी नवी संहिता आली). कामगाराला! मॅनेजरच्या कुतूहलासाठी नाही. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे. हां, सिलिकोसिस (दगड-वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) किंवा शिशाची बाधा निघाली तर डिशला, म्हणजे सरकारच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खात्याला, कळवायचंच, ते डॉक्टर म्हणून तुझं कर्तव्य आहे, तिथे गोपनीयतेच्या नावाखाली गप्प बसायचं नाही. मॅनेजमेंटला खात्यानुसार आकडे दे, पण खात्यात चारच माणसं असतील तर तेही नको, कोण ते लगेच कळतं.

एचआरला फक्त फिट-अनफिट. शंभरदा सांगीन.

सोमवारी तोंडी काही बोलू नकोस, फॉर्म कशासाठी हवेत ते मेलवर लिहून माग, बरेचजण तिथेच गप्प होतात. पण त्याआधी क्रेनवाल्याला बोलावून घे, त्याच्या शेऱ्यात काय लिहितेयस ते त्याला वाचून दाखव, आणि बदली कामात त्याचा ओव्हरटाईम बुडणार असेल तर तेही तूच प्लांट हेडशी बोल.