बोर्ड वाचून दाखवताना

प्रिय बाळ,

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला. फोनवर उत्तर द्यायला घेतलं आणि मध्येच ठेवून दिलं, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका म्हणून पहिला आठवडा कसा गेला ते तू सगळं लिहिलंस: तुझ्या बीटमधल्या, म्हणजे तुझ्याकडे सोपवलेल्या गावांतल्या अंगणवाड्या, वजनकाटे, रजिस्टरं, डोंगरावरची ती वस्ती. आणि अगदी शेवटी, दोनच ओळींत, कराड स्टँडवरची गोष्ट. आजींनी विचारलं, ‘पोरी, ही गाडी कुठं जाती?’ तू मोबाइलवर, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरत होतीस, मान वर न करता म्हणालीस, ‘समोर बोर्ड आहे की.’ आजी ‘व्हय व्हय’ म्हणाल्या आणि बोर्डाकडे बघत उभ्या राहिल्या. गाडी सुटली तरी त्या तिथेच. मग तुझ्या लक्षात आलं.

‘त्या रात्री झोप लागली नाही’ असं लिहिलंस. ते वाचून मला तुझी काळजी वाटली नाही, बरं वाटलं. ज्याला अशा गोष्टीनं झोप लागत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ असतो. याच नोकरीत चौतीस वर्षं मी एसटीनं, वडापच्या जीपनं, दुधाच्या टेम्पोनं या खोऱ्यात फिरले. कामाचं जे सांगायचं ते ऑफिसात सांगून झालंय. हे राहिलं होतं.

एक आधी समजून घे. वाचता न येणारं माणूस स्टँडवर ‘मला वाचता येत नाही’ असं सहसा सांगत नाही. ते म्हणतं, चष्मा घरी राहिला. म्हणतं, मोतीबिंदू काढलाय, नीट दिसत नाही. काही जण बोर्ड वाचून झाल्यासारखं करतात आणि मग सहज विचारावं तसं विचारतात, ‘पाटणच न्हवं ही?’ चष्म्याची गोष्ट खरी की खोटी, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. ‘हो, पाटणचीच.’ नसेल तर, ‘नाही, ही ढेबेवाडीची. पाटणची पलीकडे लागेल.’ एवढंच. तुला शाळेत घातलं ते तुझ्या आईबापांनी. त्या आजींना कुणी घातलं नाही. बोर्डासमोर तुम्हा दोघींत फरक आहे तो तेवढाच.

आणि नुसतं हो-नाही म्हणून थांबू नकोस. ‘उतरायचं कुठं?’ हे आधी विचार. कराडहून चिपळूणला जाणारी गाडी पाटणवरूनच जाते, पुढे कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरते. पण बोर्डावर ठळक अक्षरात असतं चिपळूण. पाटणला जाणारी बाई ‘चिपळूण’ ऐकते, मागे सरते आणि पुढचा तासभर पाटणच्या गाडीची वाट बघत बसते. याच्या उलटही होतं. लांब पल्ल्याची गाडी मल्हारपेठच्या अलीकडच्या-पलीकडच्या फाट्यावर थांबेलच असं नाही, आणि घाईत चढवून दिलेलं माणूस दोन मैल पुढे उतरून उन्हात मागे चालत येतं. मदत करायची म्हणून आपण हे करून बसतो. तेव्हा गाव विचार, मग गाडी सांग, आणि जमलं तर कंडक्टरच्या कानावर घाल, ‘आजींना फाट्यावर सोडा हं.’ या सगळ्याला दीड मिनिट लागतं. मी मोजलंय.

हल्ली गाडीत एकट्या म्हाताऱ्या बायका मला पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. लेकीकडे, माहेरी, देवाला, डोळ्याच्या डॉक्टरकडे निघतात, कुणाची सोबत मागत नाहीत. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांचं आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत असतं, पिशवी रुमालात, रुमालाला गाठ आणि गाठोडं कमरेला. कंडक्टर समोर उभा, मागे वीस माणसं तिकिटाची, आणि गाठ काही सुटत नाही. अशा वेळी त्यांची काठी धर, पिशवी धर, मांडीवरचं नातवंड धर. गाठ मात्र त्यांची त्यांनाच सोडू दे. पैशाच्या गाठीला परक्याचा हात लागलेला कुणालाच आवडत नाही. कंडक्टरकडे बघून ‘दोन मिनिटं, देतायत’ एवढं म्हटलंस तरी त्या हातांचं थरथरणं कमी होतं.

सुट्ट्या पैशांचंही ध्यानात ठेव. आता मशीन आलं, मोबाइलनं पैसे देता येतात, तरी सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे राहिलेली रक्कम लिहून देतो. ‘उतरताना घ्या.’ उतरताना गर्दी असते, पोराची चप्पल पायऱ्यांवर अडकते, आणि माणूस ते तिकीट मुठीत तसंच घेऊन उतरतं. शेजारी बसलेल्याच्या तिकिटामागे आकडा दिसला की उतरायच्या आधीच्या थांब्याला हळूच आठवण कर. सत्तर रुपये म्हणजे त्या माणसाची अर्ध्या दिवसाची भाजी असू शकते.

हळूच म्हणाले, त्याला कारण आहे. ते सांगायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले.

१९९८ असेल. उन्हाळा, गाडी खच्चून भरलेली. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई, डोक्यावरून उतरवलेली करवंदांची पाटी पायाशी. तिकिटाला दोन रुपये कमी पडले तिला. कंडक्टर काही वाईट बोलला नाही, नुसता थांबला. ती पदराची दोन्ही टोकं चाचपत होती. मी मागून हात लांब करून दोन रुपयांचं नाणं दिलं आणि मोठ्यानं म्हणाले, ‘असू द्या हो, असू द्या, मी देते त्यांचे!’ गाडीतली सगळी डोकी वळली. कुणीतरी ‘वा बाई’ असंही म्हणालं, आणि मला, खरं सांगते, ते गोड लागलं. ती बाई काही बोलली नाही. पुढच्याच थांब्याला उतरली. तिचं गाव त्यानंतर दोन थांबे होतं. हे मला ठाऊक होतं, कारण तिकीट मागताना मी ऐकलं होतं. गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीतून ती दिसली, डोक्यावर पाटी, रस्त्याच्या कडेनं चाललेली.

ते नाणं मी हातातल्या हातात कंडक्टरला देऊ शकले असते. ‘तुमचं पडलं बघा खाली’ असं म्हणून तिच्या पाटीशी ठेवू शकले असते. हे सुचायला मला चार दिवस लागले.

आणि गंमत बघ, कसं करायचं ते मला त्याच्या सात वर्षं आधी एकीनं दाखवलं होतं. दाखवलं तरी शिकायला वेळ लागतो.

१९९१ चा आषाढ. मी चोवीस वर्षांची, नोकरीला वर्ष व्हायचं होतं. तालुक्याची मीटिंग लांबली, ओढ्याच्या पुलावर पाणी चढलं आणि शेवटची गाडी आलीच नाही. छोटं स्टँड, एकच बाकडं, एकच दिवा, तोही मध्येमध्ये जाणारा. तेव्हा कुठला मोबाइल. पलीकडे दोघं-तिघं पुरुष विड्या ओढत उभे होते. ते काही बोलत नव्हते, पण माझं सगळं लक्ष तिकडेच. तेवढ्यात सुकट-बोंबील विकणारी एक बाई टोपली घेऊन आली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. म्हणाली, ‘माझी बी गाडी चुकली बग. आता सकाळपतुर हितंच.’ टोपलीवरचं पोतं काढून बाकड्यावर अंथरलं, मला म्हणाली, ‘पाय वर घे, पानी येतंय आत.’ फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर लसणाची चटणी. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. रात्रभर बसल्या बसल्या पेंगत होती, पण त्या विड्यावाल्यांतला कुणी खाकरला तरी तिचे डोळे उघडायचे. मी चक्क झोपले. पोत्याला बोंबलांचा उग्र वास होता, अजून आठवतो.

उजाडलं तशी ती उठली, पोतं झटकून गुंडाळलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘चल, मला माल लावायचाय,’ आणि गेली.

महिनाभरानं त्याच स्टँडवर चहा पिताना मी टपरीवाल्याला विचारलं, ती सुकटवाली कुठल्या गावची? त्यानं बोटानं दाखवलं. स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून तिसरं घर. तिची कुठली गाडी चुकली नव्हती.

मी तिला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. त्या बाजूला गेले की पावशेर सुकट घ्यायची. तिनंही कधी ओळख दाखवली नाही. वजन मात्र झुकतं द्यायची.

म्हणून सांगते, गाडीत पोटुशी बाई उभी असेल तर ‘बसा, तुमची अवस्था बघा’ असलं काही म्हणू नकोस. ‘माझं आता आलंच’ म्हणून उठ आणि दाराकडे जाऊन उभी राहा. तुझं गाव चाळीस मिनिटांवर असेना. मी आयुष्यभर खोटं बोलू नये म्हणून पोरांना सांगत आले, पण या खोट्याला माझी हरकत नाही.

दवाखान्याला निघालेली माणसं ओळखायला शीक. एक्स-रेचं मोठं पाकीट, आत फाईल, सोबत बहुधा एकच नातेवाईक आणि दोघंही खिडकीबाहेर बघत असलेले. त्यांना ‘काय झालंय?’ विचारू नकोस. त्यांनी ते सकाळपासून दहा जणांना सांगितलेलं असतं. खिडकी दे, कारण आजारी माणसाला गाडी लागते. मुंबईला टाटा हॉस्पिटलला निघाले आहेत असं त्यांनीच आपणहून सांगितलं, आणि राहायचं कुठं हे ठरलेलं नसलं, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटची आणि नातेवाइकांची तिथं सोय होते, हे सांग. जागा मिळेलच असा भरवसा देऊ नकोस; जाण्याआधी चौकशी करा म्हण. परळला पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला अशी एक माहिती शंभर रुपयांच्या नोटेपेक्षा जास्त उपयोगी पडते. ज्या बाबांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही त्यांनी परक्या वाटसरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, हे मला नेहमी आठवतं.

रस्त्यात अपघात दिसला तर १०८ ला फोन कर आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांब. ‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’ असं लोक सांगतील. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. चुकलेलं लेकरू दिसलं तर एकटी त्याला घेऊन निघू नकोस. तिथंच चार माणसांत थांब आणि १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, लाव. स्टेशनात असशील तर रेल्वे पोलिसांना बोलाव.

आता तुझ्याबद्दल. तू बाईमाणूस, एकटी फिरणार. मदत उजेडात कर, चार जणांच्या देखत कर. कुणी ‘जरा तिकडे कोपऱ्यापर्यंत चला’ म्हणालं तर कंडक्टरला, स्टँडवरच्या कंट्रोलरला मध्ये घे. नाही म्हणताना जीभ अडखळू देऊ नकोस. आणि तुझ्या डब्यातला लाडू कुणी घेतला नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. गाडीत परक्याकडचं खाऊ नये हे त्यांना कुणीतरी काळजीनंच शिकवलेलं असतं. लेकराला द्यायचं असेल तर आधी त्याच्या आईकडे बघ. तिनं मान हलवली तरच दे.

मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर तुझ्या बीटमधल्या गावांत रात्री राहतात. पहाटे त्यांना तोंड धुवायला गरम पाणी कोण देतं, ते गावात विचारून बघ. प्रत्येक गावात एक घर असतं. त्या घरची ओळख करून घे, तुला पुढे कामातही उपयोगी पडेल.

तुझ्या त्या आजी परत भेटतील का, सांगता येत नाही. बाजाराच्या दिवशी त्याच वेळेला गेलीस तर कदाचित भेटतील. भेटल्या तर माफी मागायला जाऊ नकोस. त्या दिवशीचं त्यांना आठवून द्यायचं काही कारण नाही. नुसती शेजारी जाऊन उभी राहा, मोबाइल पर्समध्ये ठेव, आणि गाडी फलाटाला लागली की स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं वाच.

पुढच्या पत्रात वस्तीवरच्या वजन न वाढणाऱ्या त्या मुलाचं लिही.

तुझ्या,
बाई